खर्चीच्या दिवसाची दारू

आमच्याकडे दारूचा पहिला घोट माणसाचा नसतो. पळसाच्या द्रोणात ओतली की बोटाने चार थेंब जमिनीवर शिंपडायचे: धरतरीला, हिरव्या देवाला, गेलेल्या आजा-पणज्याला. मग द्रोण वडीलधाऱ्याच्या हातात. लग्न ठरवताना हीच रीत, नवं भात घरात आणताना हीच, माणूस गेल्यावर दिवस घालतानाही हीच. शहरातून आलेल्या पाहुण्यांना यात कौतुक वाटतं. ते फोटो काढतात, तारपा वाजवणाऱ्यापाशी उभे राहतात आणि परत जाताना गाडीत विचारतात की हे लोक एवढे पितात कसे.

मी मोखाड्याकडचा, खोडाळ्याच्या बाजूच्या एका आदिवासी पाड्यावरचा. नोकरी आरोग्य सेवकाची केली, जव्हार, मोखाडा, विक्रमगड असं फिरत. आम्हाला पाड्यावर सरसकट ‘डॉक्टर’ म्हणतात आणि आम्हीही फार विरोध करत नाही. हिवतापाच्या रक्ताच्या काचपट्ट्या, लसी, क्षयाच्या गोळ्या हे माझं काम. दारू माझ्या कामात कुठेच लिहिलेली नव्हती. पण हिवतापाच्या सर्व्हेला गेलं तरी घरात आधी भेटायची ती दारू, किंवा दारूने पाडलेला माणूस. म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर मी जुनं वाचायला लागलो. ‘हे लोक एवढे पितात कसे’ याचं उत्तर इंग्रज सरकारच्या गॅझेटियरवाल्यांना १८८२ सालीच मिळालेलं होतं: जातच तशी. मला ते उत्तर पटलं नाही. पण ‘पूर्वी सगळं गोड होतं, इंग्रजांनी बिघडवलं’ हे आमच्या काही कार्यकर्त्यांचं उत्तरही पुरतं पटत नाही.

पूर्वीचं म्हणजे काय, ते मी आजीच्या चुलीपाशी बघितलंय, चोरून का होईना. होळीच्या आगेमागे मोह फुलायला लागतो. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन झाडून ठेवायची आणि पहाटे अंधारात टोपल्या घेऊन जायचं. फुलं रात्री गळतात. उजाडल्यावर गेलात तर गुरं आणि शेजारी पुढे गेलेले असतात. कुठलं झाड कुणाचं हे ठरलेलं असे. फुलं खळ्यावर वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात. त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून ती कणगीत वर्षभर टिकतात. आणि ती फक्त दारूसाठी नसत, हे लक्षात ठेवा. आषाढात नागली संपली की आजी हीच फुलं उकडून पोरांपुढे ठेवायची.

दारू काढायची तर फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे येऊन थांबतात. मग मडकं चुलीवर, तोंड मातीने लिंपून बंद, बांबूची नळी दुसऱ्या मडक्यात आणि त्या मडक्यावर सतत गार पाणी. जाळ मंद हवा. जाळ मोठा झाला की करपट वास येतो आणि आजीच्या शिव्या बसतात. पहिल्या धारेची ती वेगळी धरायची. चमचाभर चुलीत टाकून बघायची. भक्कन निळी पेटली तर ती देवाची आणि बाळंतिणीला चोळायची. नंतरची धार पातळ, ती पिण्याची. दोन्ही मिसळून किती पातळ करायची हे बाईच्या हातात असे. दारू बाई गाळायची आणि बाई वाटायची, म्हणजे माप तिच्या हातात.

याचा अर्थ कुणी लोळत नव्हतं असा नाही. माझा आजा शिमग्याला तीन-तीन दिवस अंगणात पडलेला असायचा. लग्नात मारामाऱ्या व्हायच्या, कोयते निघायचे. आज डॉक्टर ज्याला एका बैठकीत अति पिणं म्हणतात, ते आमच्या सणांत पहिल्यापासून होतं. फरक एवढाच की त्याला कुंपण होतं. फुलांचं कुंपण, सरपणाचं, सणाच्या तिथीचं. आजा शिमग्याला पडायचा आणि पुढचा सगळा महिना कुडाच्या कामात असायचा, कारण घरात गाळायला काही उरलेलंच नसायचं. ते कुंपण कुणी मोडलं, कसं मोडलं, त्याला तारखा आहेत.

१८७८ साली मुंबई सरकारने आबकारी कायदा केला. त्यामागचं डोकं चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याचं. त्याआधीही दारूवर कर होता, मक्ते होते, पण गावोगाव लहान भट्ट्या चालायच्या. नव्या कायद्याने घरची, गावची भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळायची ती सरकारच्या देखरेखीखाली मोठ्या भट्टीत, तीव्रता मोजून, त्यावर कर लावून, आणि विकायची ती मक्तेदाराच्या दुकानातून. आमच्या बाजूला ही मोठी भट्टी म्हणजे उरण, आमच्यासारखंच तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणारं. उरणच्या भट्ट्या पारशांच्या होत्या आणि तिथे मोहाची फुलं पंचमहाल आणि मध्य प्रांतातून यायची. आमच्या डोंगरावर मोहाची फुलं झाडाखाली पडलेली, आणि आमच्या लग्नाला दारू उरणची. हा व्यवहार कुणाला सुचला असेल त्याच्या हिशेबाला दाद द्यावी लागते.

पण फुलं घरात असली की माणूस रात्री गुपचूप गाळणारच. म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा वेगळा कायदा आला. फुलं बाळगणं, नेणं, विकणं, सगळ्यावर परवाना. म्हणजे माझ्या पणजीच्या कणगीतलं आषाढाचं जेवणही सरकारदरबारी संशयित माल झालं. मोखाडा तेव्हा शहापूर तालुक्याचा पेटा, इंग्रजी मुलखात. जव्हार मात्र मुकणे राजांचं संस्थान, तीनशे दहा चौरस मैलांचं. कागदावर दोन मुलूख, पण मोह काही हद्दीचा दगड बघून फुलत नाही. या डोंगरात नातीगोती, लग्नं, बाजार सगळं हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. ताडाचं तेच झालं. आमच्यापेक्षा खाली डहाणू-पालघरकडे ताड जास्त, ताडी हलकी, सकाळची ताजी घेतली तर निम्मं जेवण. पण झाडागणिक कर वाढत गेला आणि गरिबाची हलकी ताडी महाग होऊन त्याला दुकानाच्या कडक दारूकडे ढकललं गेलं.

दारू घरातून दुकानात गेली, यात माझ्या मते सगळ्यात मोठा बदल आहे. चव, कर, गुन्हा हे त्यानंतरचं. घरची दारू बाई गाळायची, ती संपायची. दुकानदाराला ती संपवायची नसते, रोज विकायची असते. तो उधारही देतो. आणि दुकान पाड्यापासून दोन-तीन कोसांवर असेल तर माणूस तिथे घोटघोट पीत बसत नाही, परतीच्या वाटेच्या आधी सगळी पोटात घालतो.

लग्नाचं गणितही यातच बिघडलं. दारूशिवाय लग्न नाही, घरी गाळली तर कैद, म्हणून विकत. विकतला पैसा नाही, म्हणून सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज. त्या कर्जापायी नवरा-बायको दोघं त्याच्या शेतावर राबायला बांधली जात. त्याला लग्नगडी म्हणत. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात या भागातल्या आदिवासींच्या कर्जाचं आणि वेठीचं चित्र सरकारपुढे ठेवलं. १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली उठले ते या लग्नगडीच्या आणि वेठबिगारीच्या विरोधात. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आमच्याकडे अजून वाचलं जातं. ते वाचताना मी त्यात दारूचा हिशेब शोधत बसतो. वाईट सवय.

मधे एक वेगळीच गोष्ट घडली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत बायकांच्या अंगात देवी यायला लागली. देवीचं नाव सलाबाई. ती म्हणे, दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. हा वारा किनाऱ्यावरून डोंगर चढला, नाशिकच्या बाजूला, डांगात आणि पुढे सुरत जिल्ह्यात गेला. तिथे तर देवीने पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका असंही सांगितलं, आणि हजारोंनी ऐकलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलं. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की दारू सोडायचा हुकूम बाहेरच्या कुणी सुधारकाने नव्हे, अंगात आलेल्या देवीने दिला, आणि तो मद्याबरोबर मद्यविक्रेत्याच्याही विरोधात होता. काही वर्षांनी पुष्कळ ठिकाणी लोक परत प्यायला लागले. देवी गेली, दुकान राहिलं.

मग स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. गृहखातं मोरारजीभाई देसाईंकडे होतं. आमच्या पाड्यावर याचा अर्थ साधा होता: इंग्रजांनी घरची भट्टी बंद केली होती, आता दुकानही बंद. मग गाळायला लागला तो, ज्याला धाक कमी. भट्टी चुलीवरून ओहळात गेली, बाईच्या हातातून बाप्याच्या हातात गेली. मोह महिनोन्महिने दडवायचा कुठे? त्यापेक्षा काळा गूळ आणि नवसागर बरा, दोन दिवसांत रसायन फसफसतं, हंगामाची वाट बघावी लागत नाही. इथे शेवटचं कुंपण पडलं. मोह वर्षातून एकदा फुलतो, गूळ किराणा दुकानात बारा महिने मिळतो.

आणि चोरून पिणारा घाईत पितो. हे फक्त आमच्याच लोकांचं नाही. ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम आला. माणसं कमी पितील असा हेतू होता. झालं असं की पाचला सुटलेला कामगार तासाभरात मिळेल तेवढी बिअर ढोसून रस्त्यावर यायचा. मेलबर्नमध्ये हा प्रकार १९१६ पासून १९६६ पर्यंत चालला. पन्नास वर्षं! त्यांना गोरे म्हणून कुणी ‘जातच तशी’ म्हटलं नाही.

साठच्या दशकात आपल्याकडे बंदी सैल झाली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूचा कारभार बसवला आणि सरकारमान्य दुकानांच्या पाट्या तालुक्याच्या गावांत लागल्या. वर दादरा-नगर हवेली जवळ. तिथे कर कमी, दारू स्वस्त. तिथून सिल्वासाच्या रस्त्याने काय काय येतं ते उत्पादन शुल्कवाल्यांना विचारा. हातभट्टीही गेली नाही. त्यामुळे आज आमच्या माणसापुढे दुकानाची, सिल्वासाची, हातभट्टीची अशा तिन्ही आहेत आणि मोहाची, खरी म्हणावी अशी, सगळ्यात कमी.

आता खर्चीचा दिवस. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होतात. माणसं पोराबाळांसकट भिवंडी, वाडा, वसईकडे वीटभट्टीवर जातात. मालकाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, त्या उचलीत माणूस बांधलेला. हिशेब हंगामाच्या शेवटी. तोवर आठवड्याला हातात येते ती खर्ची, तेल-मीठ-तांदळापुरती. ती बाजाराच्या दिवशी मिळते आणि बाजारातच देशी दारूचं दुकान असतं. सहा दिवस एक थेंब नाही आणि सातव्या दिवशी संध्याकाळी एक क्वार्टर, कधी दोन. हे वेळापत्रक आमच्या सणांनी ठरवलेलं नाही.

क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. देशीच्या बाटलीवर तीव्रता ४२.८ टक्के लिहिलेली असते. म्हणजे आत शुद्ध अल्कोहोल ७७ मिलिलिटर, वजनात साधारण ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला धोक्याचं पिणं मानते. आमच्याकडे ‘एकच क्वार्टर मारली’ म्हणतात तीच बरोबर ती रेघ. यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निकालात काढतं, त्याला घाई करता येत नाही. लिंबू, ताक, गार पाणी, काही उपयोग नाही. संध्याकाळी सातला घेतलेली एक क्वार्टर पुरती उतरायला पहाटेचे दोन-तीन वाजतात. दोन क्वार्टरवाला सकाळी भट्टीवर विटा वाहतो तेव्हाही नशेतच असतो.

हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, “मी काय रोज पितो का? रोज पितो तो बेवडा.” आमच्या लोकांच्या मनात जुन्या सणाचा हिशेब अजून पक्का आहे: रोज पिणारा वाईट, अधूनमधून पिणारा रीतीतला. रीत तीच राहिली, पण तिच्या आतला माल बदलला. आठवड्यातून एकदा म्हणजे वर्षातून बावन्न शिमगे. आजाच्या नशिबी एक होता.

भिंतीवर व्यसनमुक्तीची चित्रं रंगवतात त्यात नेहमी काळं पडलेलं यकृत असतं. ते खोटं नाही. डोळे पिवळे, पाय सुजलेले, पोटात पाणी भरलेला, असा माणूस मी पाड्यापाड्यावर पाहिलाय. घरचे कावीळ समजून भगताकडे नेतात आणि भगत पाला देतो. पण यकृत वाळायला वर्षं लागतात. आमच्याकडची पुष्कळ माणसं तोवर टिकतच नाहीत. एका रात्रीत मरणारा भुकेला तरुण त्या भिंतीवरच्या चित्रात बसत नाही.

थंडीतली गोष्ट आहे, भट्टीवरून दोन दिवसांसाठी घरी आलेला पोरगा. विशी-बाविशीचा. सकाळी पेज, दिवसभर काही नाही, संध्याकाळी भावकीत बसून प्यायला. रात्री झोपला. पहाटे हलवला तर उठेना. घरच्यांनी म्हटलं चढलीय, झोपू द्या. सकाळी दहाला झोळीत घालून आरोग्य केंद्रात आणला तेव्हा अंग घामाने चिंब, हात गार, तोंडाला फेस, वास तर येतच होता. आलेल्यांपैकी दोघे हसत होते. डॉक्टरबाईंनी बोट टोचून साखर बघितली. पट्टीवर जो आकडा आला तो जिवंत माणसाचा म्हणून फार कमी होता. त्यांनी आधी बी-वनचं इंजेक्शन भरायला सांगितलं, मग शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज सोडलं. सुई अजून शिरेत होती तेव्हा पोरगा डोळे उघडून विचारतो, “माझी चप्पल कुठंय?” हसणारे गप्प झाले.

असं का होतं, ते मी नंतर प्रत्येक प्रशिक्षणात आशाताईंना सांगायचो. यकृत साखरेचा साठा ठेवतं. उपाशी माणसाचा साठा रात्रीपर्यंत रिकामा होतो, मग यकृताला दुसऱ्या मालातून नवी साखर बनवावी लागते. पण त्याच वेळी अल्कोहोल आलं की यकृत ते निकालात काढायच्या मागे लागतं आणि साखर बनवणं थांबतं. मेंदूला साखर मिळत नाही. बाहेरून दिसतं ते नशेसारखंच: बडबड, लटपटणं, मग झोप. पोट भरलेल्या, अंगावर मांस असलेल्या माणसाला हे सहसा होत नाही. आमच्या माणसाला होतं. आणि बी-वन आधी का? कारण कुपोषित पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व संपलेलं असतं. नुसती साखर सोडली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरण जातं. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारची भूक वर्तमानपत्रांत पोचली. तेव्हा मुलांचीच चर्चा झाली. पण जे घर मुलाला उपाशी ठेवतं, त्याच घरातला बाप उपाशीपोटी पितो.

‘चढलीय, झोपू द्या’ या वाक्याने आमच्याकडे किती माणसं मेली असतील. डोक्याला मार लागलेला, आतून रक्तस्राव होत असलेला माणूसही तसाच घोरतो. उताणं झोपलेल्याची ओकारी श्वासनळीत जाते. पावसाळ्यात मण्यार चावते ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, आणि दंश दिसतही नाही. मग पापण्या उतरतात, जीभ जड होते, शब्द ओढत येतात. मंडळी म्हणतात, संध्याकाळी थोडी घेतली होती ना. तेवढ्यात श्वास थांबतो. म्हणून मी पाड्यावर एवढंच पाठ करून घ्यायचो: पिऊन झोपलेला हाक मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा. गाडी पाड्यापर्यंत येते की नाही, तो वेगळा लेख होईल.

हृदयाचं प्रकरण मला उशिरा कळलं. अमेरिकेत १९७८ साली फिलिप एटिंजर या डॉक्टरने लिहिलं की सुट्टीला भरपूर प्यालेली माणसं सुट्टीनंतर छातीत धडधड घेऊन दवाखान्यात येतात. हृदयाचे ठोके ताल सोडतात, आणि ही माणसं एरवी धडधाकट असतात. आमच्याकडे शिमग्यानंतर ‘छातीत फडफडतंय’ म्हणत येणाऱ्यांना आम्ही अशक्तपणाच्या गोळ्या देत आलो होतो. पोटाचंही तसंच. लग्नसराईत वरच्या पोटात असह्य दुखणं, पाठीत आरपार गेलेलं, माणूस पुढे वाकून बसलेला, ओकाऱ्या थांबत नाहीत. घरी सोडा पाजतात, पित्त म्हणतात. ती स्वादुपिंडाची सूज असते आणि त्याला शिरेतून पाणी आणि मोठं रुग्णालय लागतं. सिकलसेलवाल्या पोरांना दारूने अंगातलं पाणी कमी होऊन हाडं फुटल्यासारखी दुखतात. क्षयाच्या गोळ्यांचा यकृतावर आधीच भार असतो. त्यात खर्चीच्या दिवसाची क्वार्टर पडली की कावीळ होते, गोळ्या बंद कराव्या लागतात आणि क्षय परत उसळतो. मी ज्यांना गोळ्या नेऊन दिल्या, त्यातले बरेच असे गेले.

कुणी म्हणेल, मग सरकारी शिक्क्याची तरी बरी, हातभट्टीने आंधळं होतं. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने. मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्याच्या नसा जाळतं. पण ते मिथेनॉल भट्टीत तयार झालेलं नसतं, कारखान्याचं स्वस्त रसायन कुणीतरी नफ्यासाठी मिसळलेलं असतं. आजीच्या मडक्याने कुणी आंधळं झाल्याचं आमच्या पाड्यावर माहीत नाही. तरी म्हणून मी आजीची दारू औषध आहे असंही सांगणार नाही. हल्ली मोहाची दारू आरोग्याला चांगली म्हणून मोबाइलवर फिरतं. अल्कोहोल ते अल्कोहोल. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत ते १९८८ पासून आहे, ते मोहातून आलं की उसाच्या मळीतून, पेशीला फरक कळत नाही.

२०२१ साली राज्य सरकारने मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध काढले. १८९२ नंतर एवढी वर्षं लागली. बचत गटाच्या बायका आता फुलांचे लाडू करून विकतात, चांगले होतात, थोडे चिकट. दारू गाळायला अर्थातच परवाना लागतोच. आणि पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या मालावर बंदी घालायचा किंवा नियम करायचा अधिकार दिलाय. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके त्यात येतात. अधिकार कागदावरच राहिला असं लोक म्हणतात. काही ठिकाणी खरं आहे, काही ठिकाणी बायकांनी तो वापरलाही.

आमच्या बाजूच्या एका ग्रामसभेला मी बसलो होतो. बायका पुढे, बाप्ये मागे झाडाखाली. ठराव असा होता की पाड्यावर बाटली विकायची नाही, विकणाऱ्याला दंड. सगळे हो म्हणाले. मग मागून एका तरुणाने विचारलं, “आणि देवाला काय देणार?” एक म्हातारी उठली. देवाला लागते तेवढी मी गाळीन, म्हणाली, द्रोणभर. सरपंचबाईंनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवक म्हणाला, घरी गाळायचं असं ठरावात लिहिता येणार नाही, तो गुन्हा आहे. म्हातारी म्हणाली, मग लिहू नको. त्यावर अर्धा तास वाद झाला: द्रोण किती मोठा, शिमग्याला किती, लग्नाला किती आणि मोजणार कोण. ठराव शेवटी बाटलीपुरता झाला. द्रोणाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला, आणि त्या सभेला गणपूर्ती झाली नाही.